आवाजात नापास

शुक्रवारी दुपारी पावणेतीन वाजता प्रयोगशाळेतलं जेल संपलं. अचूकरावांनी ट्यूब शेपटाकडून गुंडाळली, पिळली, शेवटी कात्रीने उभी चिरून आतून बोटाने निपटून पाहिली. पण होतं नव्हतं ते सकाळी यंत्र तपासण्यातच खर्ची पडलं होतं. समोर टेबलावर चोवीस काळे तुकडे ओळीने मांडलेले होते, आणि दाराशी खेळणीवाले काका हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत उभे होते.

अचूकराव हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, ऑफिसने ठेवलं होतं. चहात साखर घालताना चमचा बोटाने सपाट करणारा आणि कुणी 'सुमारे' म्हटलं की कपाळाला आठी घालणारा माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? सव्वीस वर्षांत त्यांनी दिलेला एकही रिपोर्ट चुकीचा ठरला नव्हता. या गोष्टीचा त्यांना गर्व होता असं त्यांची बायको म्हणे. ते स्वतः त्याला 'नोंद' म्हणत.

त्यांचं काम छापलेल्या प्लास्टिकची तपासणी करण्याचं. हल्ली वस्तू साच्यात ओतत नाहीत, यंत्र प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत ती छापतं, हे आता पुष्कळांना माहीत झालंय. पण थर एकमेकांना नीट चिकटले की नुसतेच शेजारी असल्यासारखे एकमेकांवर बसलेत, हे वरून कळत नाही. त्यासाठी अचूकराव तुकड्यावर जेल लावत, त्यावर अंगठ्याएवढा प्रोब टेकवत आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा आवाज आत सोडत. आवाज पलीकडच्या बाजूवर आपटून परत येई. किती वेळात आला त्यावरून तुकडा किती ताठ ते कळे. किती जोरात आला त्यावरून आत पोकळी आहे का ते. जो आवाजात पास होई त्याच्यापैकी दोन-तीन तुकडे मग ताण देणाऱ्या यंत्रावर जात. आवाजात नापास झालेल्याला तिथवर जाण्याचं भाग्यच नसे.

"साहेब, आज होईल ना?" काकांनी तिसऱ्यांदा विचारलं. "उद्या बारापर्यंत रुग्णालयात कागद द्यायचाय. नाहीतर ते दुसरीकडून घेतील."

काकांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने तीस वर्षं लाकडाची खेळणी केली. पुढे मुलं लाकडाच्या घोड्याकडे पाहीनाशी झाली, तेव्हा दोघांनी छपाईचं यंत्र घेतलं, आणि वर्षभर डोकं खपवून पहिलं मोठं काम मिळवलं: चाकाच्या खुर्चीत पाय ठेवायची पट्टी असते, तिला धरून ठेवणारे कोपरासारखे वाकडे सांधे. "आजवर पोरांच्या हातात दिलं," काका म्हणायचे, "आता पहिल्यांदा माणसाच्या पायाखाली द्यायचंय. भीती वाटते हो."

"जेल संपलंय," अचूकराव म्हणाले.

"मग?"

"मग प्रोब आणि तुकडा यांच्यामध्ये हवा राहते. हवा राहिली की आवाज आत शिरत नाही. दारातूनच परत येतो."

"माझ्यासारखाच म्हणा की," काका केविलवाणं हसले.

अचूकराव सामान देणाऱ्या भांडारबाईंकडे गेले. बाईंनी मागणीचा कागद पुढे केला. "मोठ्या साहेबांची सही आणा, लगेच देते."

"साहेब कुठायत?"

"दाताच्या डॉक्टरकडे."

"कधी येतील?"

"दात निघेल तेव्हा."

"अहो, पण जेल तुमच्या मागच्या फळीवर दिसतंय मला!"

"मलाही दिसतंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "सही दिसत नाहीये."

एरवी अचूकरावांनी बाईंचं कौतुक केलं असतं. हा नियम त्यांनीच सुचवला होता. पण परत येताना त्यांना काका दिसले, बाकावर न बसता बाकाशेजारी उभे असलेले. आणि त्यांच्या मनात काहीतरी हललं. नियमाच्या या माणसाने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नियम वाकवायचं ठरवलं. तेही दुसऱ्याच्या भल्यासाठी. पुढे कितीतरी दिवस त्यांना हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचत राहिली.

घर रस्त्यापलीकडेच होतं. बायकोने दार उघडलं. "अहो, या वेळी? बरं वाटत नाहीये का?"

"तुझं ते केसांना लावायचं जेल कुठाय?"

बायकोने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे दोन्ही कानांवर मिळून जेवढं उरलं होतं, तेवढंच. "आता फार उशीर झाला हो," ती हळुवारपणे म्हणाली.

"मला नको, प्लास्टिकला हवंय."

तिने पुढे काही न विचारता बाटली दिली. संसार असाच टिकतो.

जेल पारदर्शक होतं, घट्ट होतं, बोटाला गार लागत होतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'वापरण्यापूर्वी नीट हलवावी.' बायकोने ते कधी वाचलं नव्हतं. अचूकरावांनी वाचलं. आता, नीट म्हणजे किती, हे कंपनीने लिहिलं नव्हतं. अशा हलगर्जीपणाची त्यांना चीड होती. मग त्यांनी स्वतःच प्रमाण ठरवलं आणि घड्याळाकडे बघत बाटली पूर्ण दोन मिनिटं हलवली. हात दुखायला लागला, तरी सेकंद सोडला नाही.

पहिल्या तुकड्यावर जेल लावून त्यांनी प्रोब टेकवला. पडद्यावर परत आलेला आवाज पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. आजाऱ्याची नाडी लागावी तसा तो आवाज होता, असून नसल्यासारखा. दुसरा तुकडा तसाच. सातव्या तुकड्यापर्यंत त्यांना घाम आला. चोवीसच्या चोवीस तसेच निघाले. त्यांनी उलट्या क्रमाने पुन्हा तपासले. आकडे जवळजवळ तेच आले, आणि दोनदा तेच आलं म्हणजे ते खरं, यावर अचूकरावांची आयुष्यभराची श्रद्धा होती.

त्यांनी रिपोर्ट लिहिला: 'थरांमध्ये सूक्ष्म पोकळी. भार घेण्यास अयोग्य.' एवढ्यात गालात कापूस धरून मोठे साहेब आले. त्यांना बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी नेहमीचे प्रश्न न विचारता सही केली.

काकांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मग वाकून एक सांधा फरशीवर ठेवला आणि भिंतीचा आधार घेत त्यावर उभे राहिले.

"बघा! पंच्याऐंशी किलो आहे मी! मोडला का? सांगा, मोडला?"

"काका, खाली उतरा."

"नाही, तुम्ही पण या. दोघं उभे राहू."

"आज उभे राहिलात. सहा महिन्यांनी एखादा म्हातारा यावर पाय ठेवेल, तेव्हा काय?"

काका सावकाश उतरले. तो म्हातारा त्यांनाही रोज रात्री दिसत होता.

"यंत्र चुकत नाही का कधी?"

"आवाज खोटं बोलत नाही," अचूकराव म्हणाले. इथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण समोरच्या माणसाला काहीतरी मदत करावी म्हणून ते पुढे बोलले, "बहुतेक तारेचं रीळ ओलं झालं असेल. उघडं राहिलं की हवेतला ओलावा पितं, आणि मग छापताना आत बुडबुडे धरतात. रीळ कोण सांभाळतं तुमच्याकडे?"

"धाकटा," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला.

हे रिळाचं वाक्य रिपोर्टात नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. अचूकरावांनी ते फुकट दिलं होतं.

सोमवारी सकाळी मोठे साहेब उशिरा येणार होते, म्हणजे जेल नव्हतंच. अचूकरावांनी बायकोची बाटली काढली, दोन मिनिटं हलवली आणि रोजच्यासारखं यंत्र तपासायला पोलादाच्या ठोकळ्यावर प्रोब टेकवला. हा ठोकळा भरीव असल्याचं प्रमाणपत्र होतं आणि ते काचेच्या कपाटात ठेवलेलं होतं.

यंत्र म्हणालं, ठोकळा पोकळ आहे.

अचूकरावांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. पोकळ. त्यांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट तपासला. पोकळ. दाराचं पितळी कडं पोकळ, भांडारबाईंचा लोखंडी शिक्का पोकळ, मोठ्या साहेबांच्या टेबलावरची जाड काच पोकळ. पावणेदहा वाजेपर्यंत त्या इमारतीत एकही भरीव वस्तू उरली नाही.

मग त्यांनी जेलचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन भिंगाखाली धरला. आत बुडबुडेच बुडबुडे होते, मोहरीहून बारीक, हजारोंनी, अगदी सुखात. ते त्यांनी स्वतःच्या हाताने, घड्याळ लावून घातले होते.

त्यांनी ठोकळा पुसला, नळाखाली बोट ओलं केलं आणि पाण्याचा एक थेंब लावून प्रोब टेकवला. आवाज खणखणीत परत आला. नळाचं साधं पाणी! ते चालतं हे त्यांना विद्यार्थी असल्यापासून माहीत होतं. पण नियमावलीत 'जेल' लिहिलं होतं, म्हणून त्यांनी जेलच शोधलं होतं. अचूकराव स्टुलावर बसले. चोवीस तुकडे, दारात उभा असलेला म्हातारा, आणि शिवाय ते रिळाचं वाक्य. 

मोठे साहेब आल्या आल्या त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांना आता बोलता येत होतं. "चूक ग्राहकाची असेल तर आपल्याकडे पिवळा फॉर्म आहे. यंत्राची असेल तर निळा. आपली असेल तर..." त्यांनी कप्पे उघडून पाहिले. "आपली कधी झालीच नाही ना. असं करा, तेच तुकडे परत मागवा, पुन्हा तपासा आणि नवा रिपोर्ट द्या. तुकड्यांशिवाय मला काही करता येणार नाही."

अचूकराव आयुष्यात प्रथमच ऑफिसच्या वेळेत ऑफिसबाहेर पळाले.

काकांचं वर्कशॉप एका गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांचं. दारातूनच करवतीचा आवाज येत होता. आत काका डोळ्याला भिंग लावून बाकावर वाकले होते, आणि त्यांच्यासमोर पावाच्या कापांसारख्या काळ्या चकत्यांचा ढीग पडला होता.

"या साहेब! तुमचीच आठवण काढत होतो. हा शेवटचा. चोवीसावा."

"थांबा!" अचूकराव ओरडले, पण करवत तोवर पलीकडे निघाली होती.

"सगळे कापले?"

"सगळे. पोकळी कुठंय ते बघायला नको? पहिल्या दहात दिसेना. मग म्हटलं, साहेबांचं यंत्र सांगतंय म्हणजे आपलीच नजर कमी पडतेय. हे भिंग आणलं. आता दिसते." त्यांनी एक चकती पुढे केली. "ही बघा. इथे."

"काका, तो करवतीचा ओरखडा आहे."

"आणि ही?"

"ती धूळ आहे."

काकांनी चकतीवर फुंकर मारली. धूळ उडाली. "सूक्ष्म आहे ना," ते म्हणाले, "लगेच दिसत नाही."

अचूकरावांची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात जमिनीवर एक चादर अंथरलेली होती आणि तिच्यावर छपाईचं यंत्र सुटं होऊन पडलं होतं. चाकं, पट्टे, वाट्यांमध्ये भरलेले स्क्रू.

"म्हटलं, यंत्रातच दोष असेल तर? म्हणून उघडलं. आणि शनिवारी रुग्णालयात जाऊन स्वतःच सांगून आलो, माल नापास झालाय म्हणून. ते म्हणाले, खरं बोललात, दहा दिवस देतो. भले लोक आहेत."

"आणि तुमचे भाऊ?"

काकांनी करवत बाजूला ठेवली, पुसली, पुन्हा पुसली. "धाकटा गेला."

"गेला म्हणजे?"

"मी म्हणालो, रीळ उघडं ठेवलंस. तो म्हणाला, नाही ठेवलं. मी म्हणालो, मग साहेबांचं यंत्र खोटं बोलतं का? तर म्हणाला, यंत्र एवढं खरं वाटतं तर यंत्रालाच भाऊ कर. आणि चप्पल घालून निघून गेला. तीस वर्षांत कधी उलटून बोलला नव्हता हो."

 अचूकरावांनी जे बोलायचं ते एका दमात सांगितलं. "काका, चूक माझी आहे. तुमचे तुकडे चांगले होते. मी बायकोचं जेल वापरलं, ते हलवलं, त्यात बुडबुडे झाले. पोकळी तुमच्या तुकड्यात नव्हती, माझ्या जेलमध्ये होती."

 काकांचे डोळे पाणावले. त्यांनी उठून अचूकरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, मन फार मोठं आहे तुमचं. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय."

"अहो, खरंच चुकलं माझं!"

"सव्वीस वर्षांत एक रिपोर्ट चुकला नाही, आणि नेमका माझाच चुकला? एवढं चांगलं नशीब नाही माझं."

अचूकरावांनी बुडबुडे समजावले, पोलादी ठोकळा समजावला, पेपरवेट समजावला. काका प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते, पण कीर्तन ऐकल्यासारखी. शेवटी एकच उपाय उरला. काकांनी यंत्र जोडून नवे तुकडे छापायचे आणि अचूकरावांनी ते त्यांच्या डोळ्यांदेखत तपासायचे.

यंत्र जोडायला काकांना दोन दिवस लागले. ते काम धाकट्याचं होतं. थोरल्याचे हात लाकडावर तयार झालेले. बुधवारी अचूकराव डोकावले तेव्हा यंत्र उभं होतं आणि काकांच्या तळहातावर दोन स्क्रू होते.

"हे उरले," काका म्हणाले.

"कुठले?"

"ते कळलं असतं तर उरले असते का?"

गुरुवारी काका तीन नवे तुकडे घेऊन प्रयोगशाळेत आले. अचूकरावांनी सीलबंद ट्यूब त्यांच्यासमोर फोडली. ठोकळा तीनदा तपासला. तिन्ही वेळा भरीव. "हे बघा, आता यंत्र एकदम बरोबर आहे. पटलं?"

"पटलं."

त्यांनी पहिल्या तुकड्यावर प्रोब टेकवला. पडद्यावर परत आलेला आवाज पाहून त्यांना वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. आवाज मधूनच परत येत होता, एकदा नाही, चार ठिकाणांहून. दुसरा तुकडा तसाच, तिसरा त्याहून वाईट. एक कापला, तर पोकळ्या साध्या डोळ्यांना दिसत होत्या. दोन स्क्रूंवाचून यंत्राचा हात लटपटत होता आणि थर धड एकमेकांवर बसत नव्हते.

"सांगत होतो ना!" काका जवळजवळ आनंदाने म्हणाले.

"काका, हे यंत्र उघडल्यामुळे झालंय! आधी नव्हतं."

"पण उघडायच्या आधीच तर तुम्ही सांगितलं होतंत."

"ते मी चुकून सांगितलं होतं."

"चुकून एवढं बरोबर कसं येईल, साहेब?"

 अचूकरावांनी खुर्चीत बसून दुसरा रिपोर्ट लिहिला: 'थरांमध्ये पोकळी. भार घेण्यास अयोग्य.' या वेळी त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. रुग्णालयाने दिलेल्या दहा दिवसांतले पाच संपले होते.

धाकटा सापडला तो बाजारातल्या किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, खाली मान घालून किल्ल्या कानशीने घासत होता. अचूकरावांनी आपली ओळख सांगितली तेव्हा त्याने कानस थांबवली, पण वर पाहिलं नाही.

"म्हणजे तुम्हीच ते."

"मीच. रीळ कोरडं होतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं."

धाकट्याने आता मान वर केली. "हे दादाला सांगितलंत?"

"पाच वेळा."

"मग?"

"पटत नाही त्यांना."

धाकटा हसला, पण त्या हसण्यात काही गंमत नव्हती. "तीस वर्षं एका बाकावर बसून काम केलं. माझ्या तोंडाचं पटलं नाही, तुमच्या कागदाचं पटलं. आता तुमच्या तोंडाचंही पटत नाही. बरं झालं, एकटाच नाही मी."

"यंत्राला तुमची गरज आहे."

"यंत्राला आहे हो. दादाला?"

 दुकानात कुणीतरी किल्ली घ्यायला आलं, पैसे देऊन गेलं. मग धाकटा हळूच म्हणाला, "माझं एवढंच म्हणणं आहे. दादाने एकदा म्हणावं, रीळ कोरडं होतं. माफी नको, काही नको. रीळ कोरडं होतं, एवढं एक वाक्य."

"म्हणतील," अचूकराव म्हणाले. "ते मी त्यांच्या तोंडून वदवून घेईन. माझा शब्द."

सव्वीस वर्षांत त्यांनी मोजल्याशिवाय कधी काही दिलं नव्हतं. हा शब्द न मोजता दिला.

धाकटा शुक्रवारी आला. दारात चप्पल काढली, थेट यंत्राकडे गेला. काकांनी पाहिलं. दोघांमध्ये अचूकराव रजा टाकून स्टुलावर बसले होते, आणि बरं झालं बसले होते.

"साहेब, त्याला विचारा, पान्हा हवाय का."

"साहेब, सांगा, आहे माझ्याकडे."

"विचारा, चहा घेणार का."

"सांगा, नको."

"सांगा, केलेला आहे."

"मग द्या म्हणावं."

धाकट्याने ते दोन स्क्रू तळहातावर घेतले, क्षणभर पाहिले आणि डोळे मिटूनसुद्धा बसवता आले असते तसे बसवले. शनिवार, रविवार यंत्र चालू होतं. सोमवारी सत्तावीस तुकडे प्रयोगशाळेत आले. आवाज आत गेला आणि सत्तावीसही वेळा खणखणीत परत आला. तीन तुकडे ताण देणाऱ्या यंत्रावर गेले आणि लागणाऱ्या भाराच्या तिप्पट भार घेऊन मगच तुटले. दहाव्या दिवशी, बाराला दहा मिनिटं असताना, चोवीस सांधे रुग्णालयात पोहोचले.

त्या संध्याकाळी अचूकराव वर्कशॉपमध्ये गेले ते पत्र घेऊनच. मोठ्या साहेबांना तिसऱ्या रंगाचा फॉर्म सापडला नव्हता, तेव्हा अचूकरावांनीच कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: पहिला रिपोर्ट रद्द समजावा, चूक तपासणाऱ्याची, तारेचं रीळ कोरडं असावं असंच सर्व पुराव्यांवरून दिसतं. ते त्यांनी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी कागद हातात घेऊन उजेडात धरला.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले आणि घडी घालून खिशात ठेवला.

इतक्यात रुग्णालयातले गृहस्थ पुढची मागणी सांगायला आले. काकांनी अचूकरावांची ओळख करून दिली. "हेच ते साहेब. यांच्या पहिल्या रिपोर्टाने डोळे उघडले आमचे. बघा ना, रिपोर्ट वाईट आला, यंत्र उघडलं. तो आणखी वाईट आला, नीट जोडलं. आता एकदम पास! सुरुवात कशाने झाली? या धाकट्याकडून रीळ उघडं राहिलं होतं. माणूस आहे, होतं. पण आता डोळ्यांत तेल घालून जपतो हं."

धाकटा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. अचूकराव ताडकन उठले. "काका, रीळ—"

त्यांच्या मनगटावर धाकट्याची बोटं घट्ट बसली. "साहेब, जरा बाहेर येता? ते रिळाच्या डब्याचं झाकण दाखवायचंय तुम्हाला."

बाहेर पायरीवर कुठलंच झाकण नव्हतं.

"मी शब्द दिलाय तुम्हाला," अचूकराव म्हणाले. "आत्ता सांगतो, सगळ्यांसमोर."

"राहू द्या."

"राहू द्या काय? तुम्ही ते उघडं ठेवलं नव्हतं!"

"नव्हतं ठेवलं." धाकटा गल्लीकडे बघत होता. "पण काल दादा स्वतःहून म्हणाला, जेवून घे. साहेबांना विचारा, त्याला सांगा, असं काही नाही. सरळ मलाच म्हणाला. आज सकाळी पान्हासुद्धा हातात दिला. आता त्याने मला माफ केलंय, अशी त्याची समजूत झालीय. ती मोडली तर उलट त्यालाच माझी माफी मागावी लागेल. नाही जमायचं त्याला. पासष्ट वर्षांचा आहे."

"पण खोटं आहे ते."

"तुम्हाला माहितेय. मला माहितेय. दोघं पुष्कळ झाले."

अचूकरावांना पुष्कळ बोलायचं होतं. चूक झाली तर ती दुरुस्त करता येते, एवढंच त्यांना आजवर माहीत होतं. ती एखाद्याच्या घरात जाऊन बसली, तिथली होऊन गेली, तर तिला बाहेर कसं काढायचं, हे कुठल्या नियमावलीत दिलेलं नव्हतं. "मी फार वाईट केलं तुमचं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

धाकट्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

आतून काकांची हाक आली. "अरे, गप्पा काय मारताय? रीळ झाकलंस का?"

धाकटा पायरी चढून आत गेला. उघड्या दारातून अचूकरावांना तो दिसत होता. रिळाचा डबा फळीवर होता आणि त्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं. धाकट्याने ते उघडलं, क्षणभर तसंच धरलं, आणि पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने जोरात पुन्हा लावलं.

"झाकलं, दादा," तो म्हणाला.